बडोद्यात मुलांच्या खेळाचं वर्ष: नव्याने आलेल्या आईबापांसाठी

दर जूनमध्ये आमच्या सोसायटीत एखादं तरी मराठी बिऱ्हाड नव्याने येतं. बँकेतली बदली, नाहीतर रिफायनरी, नाहीतर मकरपुऱ्याच्या कारखान्यातली नोकरी. गॅस लागला, दूधवाला ठरला, की तिसऱ्या-चौथ्या दिवशी मुलाची आई जिन्यात गाठते आणि विचारते, "ताई, शाळा तर मिळाली, पण इथे खेळाचं काय असतं हो?"

दर वेळी जिन्यात अर्धा तास उभं राहून सांगते, म्हटलं या वेळी लिहूनच ठेवावं. माझी दोन्ही मुलं इथल्या गुजरात बोर्डाच्या शाळेतून गेली. थोरली खो-खोत राज्य पातळीपर्यंत खेळली. धाकट्याने शाळेच्या सात वर्षांत एकही शर्यत जिंकली नाही, तरी मैदानावरून हलला नाही. तेव्हा तुमचं मूल कुठल्याही जातकुळीचं असलं तरी उपयोग होईल.

आधी एक हिशेब डोक्यात बसवा. शाळेचं वर्ष जून ते एप्रिल असलं तरी मैदानाचं वर्ष जून ते डिसेंबर एवढंच. जानेवारीत पतंग, फेब्रुवारीत उजळणी, मार्चमध्ये बोर्ड. उरलेल्या सहा-सात महिन्यांतून पाऊस, गणपती, नवरात्र आणि दिवाळीची तीन आठवड्यांची सुटी वजा करा. "जरा रुळू दे, मग बघू" म्हणणाऱ्यांचं पहिलं वर्ष हमखास फुकट जातं. सीबीएसईच्या शाळा एप्रिलमध्येच सुरू होतात, त्यांना थोडा अवधी जास्त मिळतो, पण त्यांचाही मे सुटीतच जातो.

पहिली पायरी: जूनच्या पहिल्या आठवड्यात व्यायामशिक्षकांना भेटा

मुख्याध्यापकांना नव्हे, वर्गशिक्षिकेला नव्हे. सरळ मैदानावर जा. मुलं त्यांना पीटी सर म्हणतात, कागदोपत्री ते व्यायामशिक्षक असतात. पावसाच्या आधीचे हे दहा-पंधरा दिवस ते निवड करत असतात, कारण जूनच्या उत्तरार्धात पाऊस आला की मैदानाचा चिखल होतो. नुसतं "आमच्याकडे लक्ष असू द्या सर" म्हणून परत येऊ नका. तीन गोष्टी विचारा: शाळेचे संघ कुठल्या खेळांचे आहेत, सराव कधी असतो, आणि मुलाची पाळी कुठली.

पाळीचं महत्त्व महाराष्ट्रातून येणाऱ्यांना पटकन कळत नाही. इथल्या बऱ्याच शाळा दोन पाळ्यांत चालतात. एक सकाळी सातच्या सुमारास, दुसरी दुपारी बाराच्या. सराव सकाळी असला आणि मूल सकाळच्या पाळीत असलं, तर त्याला संघात घ्यायची सरांची इच्छा असूनही जमत नाही. पाळी बदलून मागायची तर जूनमध्येच. नंतर पटावर नाव चढलं की "काले आवजो, बेन" (उद्या या, ताई) ऐकत फेऱ्या मारायच्या.

जुन्या शहरातल्या, पोळांमधल्या म्हणजे दाट गल्ल्यांमधल्या शाळांना मैदान नसतं. त्यात लाजण्यासारखं काही नाही, त्यातल्या कित्येक शाळांचे संघ उत्तम असतात. पण मग मुलं सरावाला पोलो ग्राउंडवर किंवा दुसऱ्या शाळेच्या मैदानात जातात. नेणार कोण, आणणार कोण, हे आधी ठरवा.

दुसरी पायरी: नाव

हो, नाव. या लेखातलं बाकी काही वाचलं नाहीत तरी हे वाचा.

गुजरातेत शाळेच्या रजिस्टरात आधी आडनाव, मग मुलाचं नाव, मग वडिलांचं नाव लिहितात. आपल्या आधार कार्डावर मुलाचं नाव आधी. इथपर्यंत ठीक आहे, स्पर्धेच्या वेळी कागद तपासणारी माणसं ते समजून घेतात. गंमत पुढे होते. लिहिणारा कारकून गुजराती सवयीने वडिलांच्या नावाला "भाई" जोडून देतो. आमच्या ह्यांच्या नावापुढे तो "भाई" केव्हा लागला ते आम्हाला चार वर्षं कळलंच नाही. आम्हाला आपलं कौतुक, बघा, बडोद्याने आपलं मानलं!

मग थोरली आठवीत असताना जिल्हा स्पर्धेच्या सकाळी, तपासणीच्या टेबलावर साहेबांनी दोन कागद शेजारी ठेवले. जन्मदाखल्यावर नुसतं नाव, बोनाफाईडवर "भाई". शिवाय जन्मदाखला इंदूरचा, हिंदीत. त्यावर आडनावाची वेलांटी ऱ्हस्व, इथे दीर्घ. पोर पायात बूट घालून, छातीवर नंबर लावून उभी. साहेब वाईट नव्हते, पण त्यांच्यासमोर नियम होता. तिने तो सामना दोरीच्या बाहेरून पाहिला. मी स्कूटरवर शाळेत जाऊन दुरुस्तीचं पत्र घेऊन आले तोवर सामन्याची दुसरी पाळी संपत आली होती.

म्हणून सांगते: जूनमध्येच आधार, जन्मदाखला आणि शाळेच्या रजिस्टरातली नोंद शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर ताडून पाहा. फरक असेल तर शाळेकडे लेखी अर्ज द्या आणि अर्जाच्या प्रतीवर शिक्का घ्या. मग एक प्लास्टिकची फाइल करा: जन्मदाखल्याच्या चार प्रती, आधारच्या चार, पासपोर्ट आकाराचे आठ फोटो, जुन्या शाळेच्या दाखल्याची प्रत आणि मुलाच्या नावाच्या बँक खात्याच्या पासबुकाचं पहिलं पान. खातं लागतं, कारण सरकारी स्पर्धांतलं बक्षीस आणि प्रवासभत्ता थेट खात्यात येतो. फाइल घरात एका ठरावीक जागी असू द्या. आमच्याकडे ती देवघराच्या खालच्या खणात असायची.

वयाचा गटही याच वेळी पाहून ठेवा. स्कूल गेम्स फेडरेशनच्या स्पर्धांत १४, १७ आणि १९ वर्षांखालील असे गट असतात आणि वय त्या वर्षाच्या ३१ डिसेंबरला मोजतात. जानेवारीत जन्मलेल्या मुलाला याचा फायदा होतो, डिसेंबरमध्ये जन्मलेल्याला तोटा. आठवीतलं मूल १४ खालीच असेल असं धरून चालू नका, बोटं मोजून बघा.

तिसरी पायरी: खेळ निवडणं

इथे माझी मतं जरा ठाम आहेत, पटली नाहीत तर सोडून द्या.

नवीन आलेले नव्वद टक्के बाप मुलाला क्रिकेटला घालतात. त्यांचंही चुकत नाही. हे गावच तसं आहे: विजय हजारे इथे खेळले, किरण मोरे इथले, पठाण भाऊ आणि पंड्या भाऊ इथूनच वर आले. बडोद्याची स्वतःची रणजी टीम आहे, गुजरात आणि सौराष्ट्र वेगळे. १९४६-४७ च्या रणजी अंतिम सामन्यात हजारे आणि गुल महंमद यांनी चौथ्या विकेटसाठी ५७७ धावा जोडल्या, त्याही आमच्या होळकर संघाविरुद्ध. माझं माहेर इंदूरचं, त्यामुळे सासरी हा आकडा मला लग्नाच्या पहिल्या आठवड्यातच ऐकवला गेला. होळकरांनी चार वेळा रणजी जिंकली, असं मी त्यावर म्हणते. मग चहा होतो.

पण क्रिकेटमध्ये शाळेची वाट वेगळी आणि बडोदा क्रिकेट असोसिएशनची वेगळी. शाळेच्या संघात खेळलं म्हणजे असोसिएशनच्या १६ खालील संघाकडे वाटचाल झाली, असं नसतं. तिथे वेगळ्या निवडचाचण्या, रहिवासाचे वेगळे नियम, आणि वय पाहायला मनगटाचा एक्स-रे. अकादमीची फी, किट, रोजची ने-आण हे सगळं धरून मग ठरवा.

शाळेच्या वर्षात खरी मजा खो-खो, कबड्डी आणि ॲथलेटिक्सची आहे. संघ प्रत्येक शाळेचा असतो, खर्च जवळजवळ नाही, आणि नवख्या मुलाला दोन-तीन महिन्यांत संघात जागा मिळू शकते. शिवाय हे खेळ या गावात रुजलेले आहेत. हिंद विजय जिमखान्याने १९२३ साली हुतुतूचे नियम बांधून छापले आणि स्पर्धा भरवल्या, त्या बडोद्यातच. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला पहिला खो-खो विश्वचषक झाला आणि आपल्या पुरुष व महिला दोन्ही संघांनी तो जिंकला. एवढी वर्षं "खो-खो खेळून काय होणार" म्हणणारे आमचे शेजारी त्यानंतर गप्प आहेत.

खो-खोला उंची लागत नाही, ताकद लागत नाही. चपळाई लागते आणि त्याहून जास्त, वेळेवर उठायची तयारी. थोरलीच्या सरांची एक पद्धत होती. पहिले तीन आठवडे ते मुलींना पळूच द्यायचे नाहीत. आठ जणी पाटीत बसायच्या, आळीपाळीने तोंडं उलट दिशांना, आणि सर पाठीमागून चालत एकेकीच्या पाठीला हात लावून "खो" म्हणायचे. उठून एक पाऊल टाकायचं, परत बसायचं. बस, एवढंच. गुडघे भरून यायचे, पोरी रडकुंडीला यायच्या. चौथ्या आठवड्यात पळायला लागल्या तेव्हा उठण्यात अर्ध्या क्षणाचाही उशीर नव्हता. सूर मारून गडी टिपायचं त्यानंतर, तेही ओल्या मऊ मातीत. कोरड्या ऑक्टोबरच्या जमिनीवर पहिला सूर मारू देऊ नका. कोपर आणि हनुवटी सोलून निघते.

पावसात शाळेचा सराव बंद पडतो, तेव्हा आखाड्याचा रस्ता धरा. दांडिया बाजारातलं जुम्मादादा व्यायाम मंदिर, म्हणजे गावाच्या तोंडी माणिकरावांचा आखाडा. राजरत्न प्रोफेसर माणिकरावांनी आपल्या गुरूंच्या नावाने उभी केलेली ही जागा मराठी घरांना परकी वाटत नाही. मल्लखांबाच्या लाकडाला लावलेल्या एरंडेलाचा वास एकदा नाकात बसला की जात नाही. थोरलीचे कपडे मी वेगळे भिजवायची. खो-खो, जिम्नॅस्टिक्स, कुस्ती, काहीही खेळणार असाल तरी खांद्याची आणि पोटाची ताकद मल्लखांब देतो तशी दुसरं काही देत नाही. वेळा आणि वयाची अट जाऊनच विचारा, फोनवर नीट उत्तर मिळत नाही.

पोहायला लालबाग आणि सरदारबागेत पालिकेचे तरणतलाव आहेत. बॅडमिंटन, टेबल टेनिस वगैरेंसाठी समा आणि मांजलपूरची क्रीडासंकुलं. तिथे तुकड्या भरलेल्या असतात, आधी नाव घाला.

चौथी पायरी: पावसाळ्यातल्या स्पर्धा

गंमत अशी की मैदान सर्वांत वाईट असतं तेव्हाच शालेय स्पर्धा सुरू होतात. शाळा, मग तालुका किंवा शहरातला विभाग, मग जिल्हा, राज्य आणि राष्ट्रीय, अशी शिडी. बडोदा शहर आणि बडोदा ग्रामीण हे खेळात दोन स्वतंत्र जिल्हे धरतात. घर कुठे ते नाही, शाळा कुठे ते बघतात. शहराच्या कडेला राहणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. एकाच सोसायटीतली दोन मुलं वेगवेगळ्या जिल्ह्यांकडून खेळतात आणि कधी एकमेकांसमोर उभी राहतात.

स्पर्धेच्या दिवशी सकाळी सातला बोलावतात आणि मुलाचा सामना दुपारी दोनला होतो. हे गृहीत धरून डबा द्या. तेलकट नको. थेपले चालतात, केळी चालतात, गूळ-शेंगदाणे उत्तम. मिठा-साखरेचं पाणी घरून न्या. मोज्यांचे दोन जादा जोड आणि एक जुना टॉवेल. सामना संपल्यावर सेव-उसळ खाऊ द्या, आधी नाही. एका उपांत्य फेरीत आमच्या संघाच्या दोन पोरींनी आधी तिखट तर्री मारली होती, पुढचं सांगत नाही.

पाऊस जास्त झाला की स्पर्धा पुढे ढकलतात आणि निरोप रात्री दहाला येतो. २०२४ च्या ऑगस्टअखेर विश्वामित्रीला पूर आला तेव्हा कित्येक मैदानं दिवसच्या दिवस पाण्यात होती. पूर ओसरल्यावर मैदान लगेच वापरू देऊ नका. गाळात काचा असतात, पत्रे असतात. मगरी या नदीत आहेतच, ती काही गोष्टीतली बाब नाही.

महाराष्ट्र बोर्डाच्या क्रीडागुणांचा हिशेब डोक्यात असेल तर तो काढून टाका. बोर्ड वेगळा, नियम वेगळे; काय मिळतं ते शाळेत विचारून घ्या. प्रमाणपत्रं मात्र प्रत्येक पातळीची जपा, लॅमिनेट न करता. लॅमिनेट केलेल्यावर पुढे शिक्का मारता येत नाही.

पाचवी पायरी: नवरात्र

नवरात्रात सरावाचं नाव काढू नका. नऊ रात्री मूल गरबा खेळणार, आणि ते खेळूच द्या. शाळेतही एक दिवस गरबा असतो, चणिया-चोळी आणि केडियूत. नवीन मुलीला वर्गात मिसळायला या एका दिवसाइतकी सोपी संधी वर्षात दुसरी नाही. दोन टाळीचा आणि तीन टाळीचा एवढं आधी घरी शिकवा, बाकी गोलात शिरलं की येतं. आमच्या धाकट्याला पळता येत नव्हतं, पण गरब्यात त्याचे पाय कधी चुकले नाहीत.

दिवाळीनंतर

दिवाळीची सुटी संपली की डिसेंबरपर्यंत सगळं एकदम येतं. शाळेचा क्रीडादिन, सहल, स्नेहसंमेलन, शिवाय खेल महाकुंभ. हा राज्य सरकारचा उपक्रम २०१० पासून चालू आहे. नोंदणी ऑनलाइन, आणि तारखा दर वर्षी पुढेमागे सरकतात, म्हणून सरांना ऑगस्टपासूनच विचारत राहा. यात लहान मुलांपासून ज्येष्ठांपर्यंत गट असतात. आम्ही सोसायटीच्या बायका एका वर्षी रस्सीखेचेत उतरलो होतो. पहिल्याच फेरीत ओढल्या गेलो, पण मुलं अजून त्या फोटोवर हसतात.

क्रीडादिनात जिंकणारी मुलं तीच असतात, दर वर्षी तीच. उरलेल्यांसाठी संथ सायकल, पोत्यांची शर्यत आणि तीन पायांची शर्यत असते, त्यात नाव घाला. आणि हेही नको असेल तर धाकट्याची वाट सांगते. सातवीत सरांनी त्याला चुन्याने पट्टे आखायला घेतलं. चुना आखताना वारा कुठून आहे ते बघायचं, पाठ वाऱ्याकडे ठेवायची, डोळ्याला हात लावायचा नाही. आठवीत तो खो-खोचा गुणलेखक झाला. ९ मिनिटांची पाळी, तीन-तीनच्या तुकडीने येणारे पळणारे, कुठल्या नंबरचा गडी कितव्या मिनिटाला, कितव्या सेकंदाला बाद, सगळं त्याच्या वहीत. एकदा दोन शाळांचे सर निकालावरून भांडायला लागले आणि शेवटी दोघेही त्याच्या वहीशी येऊन थांबले. त्या दिवशी तो घरी आला तो आल्या आल्या जेवायला बसला नाही, आधी सगळा सामना आकड्यांसकट सांगितला. प्रत्येक शाळेला असा एक मुलगा हवा असतो. सरांकडे जाऊन विचारायचीच खोटी.

सहल बहुधा पावागढची असते, सुमारे ५० किलोमीटर. चांपानेर-पावागढ २००४ पासून जागतिक वारसा यादीत आहे. माचीपर्यंत गाडी, पुढे पायऱ्या किंवा रोपवे. पायऱ्यांनीच चढू द्या. संमतिपत्रावर सही करताना मात्र विचारा: किती मुलांमागे एक शिक्षक, पाण्यात उतरायचं आहे का, बोट आहे का. १८ जानेवारी २०२४ ला आपल्या गावातल्या हरणी तलावात सहलीची बोट उलटून १२ मुलं आणि दोन शिक्षिका गेल्या. बोट असेल तर प्रत्येक मुलाच्या अंगावर लाइफ जॅकेट असेल का, हे विचारायला कसली भीड नको.

उत्तरायण

१४ जानेवारीला उत्तरायण, १५ ला वासी उत्तरायण. दोन दिवस गाव गच्चीवर. "काप्यो छे" आणि "लपेट" हे दोन शब्द पुरतात. दोन्ही हातांच्या बोटांना चिकटपट्टी गुंडाळा, गच्चीला कठडा नसेल तर जाऊच देऊ नका. नायलॉनच्या मांज्यावर बंदी आहे, पण छुपा विकतात. सुती दोराच आणा. आठवडाभर आधीपासून मुलाने सायकल चालवताना गळ्याला मफलर गुंडाळायचा. इथे स्कूटरच्या हँडलवर तारेची कमान लावतात, ती शोभेची नाही. तुम्हीही लावून घ्या.

यानंतर मैदान रिकामं होतं. दहावीच्या मुलाचा खेळ सगळे जूनपासूनच बंद करतात, मी केला नव्हता. थोरली जानेवारीपर्यंत रोज सकाळी पाऊण तास आखाड्यात जात होती. तिथून आली की अंघोळ, मग गणित. फेब्रुवारीत ती स्वतःच थांबली आणि परीक्षा संपली त्या संध्याकाळी पुन्हा गेली. मेमध्ये ऊन ४२ च्या वर जातं, तेव्हा सकाळी सहा ते साडेसात एवढीच खेळाची वेळ, आणि तीत पोहणं उत्तम.

तिचे गुडघ्याचे पॅड आणि एक ३६ नंबरचे बूट अजून आमच्या माळ्यावर आहेत, फारसे झिजलेले नाहीत. तुमच्या मुलीला बसत असतील तर तिसऱ्या मजल्यावर या आणि घेऊन जा, जूनच्या आत.